‘डिझेल-विद्युत’ : समासाचा विग्रह आणि पुणे–कोल्हापूर मार्ग

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील बागायतदार शेतकऱ्याच्या बोलीत ‘इंजिन’ आणि ‘मोटर’ हे दोन शब्द एकमेकांपासून अगदी स्वच्छपणे वेगळे राहिले आहेत. विहिरीवर अथवा कृष्णेच्या काठी डिझेल तेलावर पाणी उपसणारे यंत्र असेल तर ते ‘इंजिन’, आणि विजेवर चालणारे असेल तर ती ‘मोटर’. ‘इंजिन काढून मोटर बसवली’ या वाक्याचा अर्थ तेथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. मराठीने ते उसने घेतले आणि त्यांची अर्थक्षेत्रे वाटून दिली. याच टापूत १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि याच उद्योगसमूहाने १९४६ साली पुण्यास तेलावरील इंजिनांचा कारखाना उभा केला, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन शब्दांची येथील घरोघर झालेली ओळख नवलाची वाटत नाही.

बोलीने केलेली ही वाटणी रेल्वेच्या परिभाषेत मात्र टिकत नाही. गाडी ओढणाऱ्या संपूर्ण वाहनालाच तेथे ‘इंजिन’ म्हणतात, मग ते वाफेवर चालो, तेलावर चालो की विजेवर. यातून पुढे ‘डिझेल-विद्युत इंजिन’ असा शब्द तयार होतो, आणि येथे सामान्य वाचकाची, क्वचित जाणत्या लेखकाचीही, फसगत होते. हे इंजिन डिझेलवरही चालते आणि विजेच्या तारेवरही चालते, अशी समजूत करून घेतली जाते. ही चूक यंत्रज्ञानातील वाटली तरी मुळात ती समासविग्रहाची चूक होय. ‘डिझेल-विद्युत’ हा द्वंद्व समास नव्हे. ‘डिझेलवर निर्माण केलेली वीज’ असा त्याचा विग्रह आहे. मधले पद लोपलेले आहे. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर या वाहनात इंजिनही आहे आणि मोटरही आहे : इंजिन जनित्र फिरविते, जनित्र वीज देते, आणि त्या विजेवर मोटरी चाके फिरवितात. तारेशी त्याचा काही संबंध नाही. भारतीय रेल्वेचे अनेक दशके अतिपरिचित असलेले डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन याच जातीचे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. इंजिनातील गती चाकांना गिअरने थेट का देऊ नये? डिझेल इंजिनास विवक्षित वेगाखाली जोर नसतो आणि उभ्या अवस्थेतून ते भार उचलू शकत नाही. मोटरीचे उलट आहे. स्थिर असतानाच तिचा जोर सर्वांत अधिक असतो. हजार टनांची गाडी जागची हलवावयाची तर मोटरच हवी. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये विजेचा दुभाषी ठेवण्यात आला. गिअरवर अथवा द्रवाच्या दाबावर चालणारे प्रयोगही झाले आहेत. परंतु मोठ्या शक्तीच्या इंजिनांत भारताने मुख्यत्वे हाच मार्ग पत्करला.

आता खरा द्वंद्व समास कोणता ते पाहू. तार असेल तेथे तारेवरून वीज घेणारे आणि तार संपली की स्वतःच्या डिझेल इंजिनावर वीज निर्माण करणारे वाहन जगात अस्तित्वात आहे. त्यास येथे ‘दुहेरी शक्तीचे इंजिन’ म्हटले आहे. त्यातही तो इतरेतर द्वंद्व नव्हे. ‘डिझेल आणि वीज’ असा विग्रह केल्यास दोन्ही शक्ती एकाच वेळी काम करतात असा भास होईल. प्रत्यक्षात एका वेळी एकच शक्ती कामास येते. ‘खरेखोटे’ या शब्दात जसा ‘किंवा’ दडलेला आहे तसा येथेही आहे, आणि म्हणून हा वैकल्पिक द्वंद्व होय. व्याकरण सांगते की द्वंद्वात दोन्ही पदे प्रधान असतात. शब्दाला ही चैन परवडते. अठरा-वीस टनांहून अधिक भार ज्याच्या एकेका आसावर टाकता येत नाही अशा वाहनाला ती परवडते काय, हा यंत्ररचनेतील खरा प्रश्न आहे. आणि पुणे–कोल्हापूर मार्गाच्या इतिहासाइतके त्याचे स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण.

हा मार्ग मुळात मीटरगेजचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे रूळ आले; कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंतचा आपला फाटा १८९१ साली सुरू केला. पुण्याच्या पश्चिमेस मुंबईचा मोठा मार्ग होता, आणि १९२९-३० मध्ये त्यावर १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या तारा पुण्यापर्यंत पोचल्या. म्हणजे पुणे हे त्या वेळी दुहेरी सीमेचे ठिकाण होते : रुळांची रुंदी तेथे बदले आणि शक्तीही तेथेच बदले. १९७१ साली पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग रुंद झाला. रुंदीची सीमा पुण्याहून हटली आणि मिरजेस गेली. पुढे बराच काळ मिरज स्थानकात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही प्रकारचे रूळ नांदत होते. शक्तीची सीमा मात्र पुण्यासच राहिली. मुंबईहून निघालेले डबे तेच कोल्हापूरपर्यंत जात. इंजिन मात्र पुण्यास बदले. विजेचे इंजिन सुटून बाजूला होई आणि, वाफेचा काळ सरल्यावर, डिझेल इंजिन पुढे लागे. ब्रेकची नळी जोडावयाची, तिच्यातील दाब तपासावयाचा, मग गाडी घोरपडीकडे निघावयाची. या विधीला रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचे प्रवासी इतके सरावले होते की झोपेतही त्या धक्क्यावरून पुणे आल्याचे त्यांना कळावे.

सातारा-सांगलीच्या प्रवाशाला या व्यवस्थेत एक विसंगती जाणवणे स्वाभाविक होते. कोयनेचा प्रकल्प सातारा जिल्ह्यात. धरण पाटण तालुक्यातले, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे उतरविलेले, आणि सर्व टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॉट. २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांच्या हिशेबात हे मोजले तर अशी हजारांवर इंजिने त्यात बसतील. इतकी वीज ज्या जिल्ह्यात अडविलेल्या पाण्यावर निर्माण होते त्याच जिल्ह्यातून जाणारी गाडी अर्धशतकभर तेल जाळीत जावी, ही गोष्ट खटकणारी खरीच. परंतु वीज जवळ असणे आणि तार असणे यांत अंतर आहे. तार, खांब, उपकेंद्रे यांचा खर्च दिवसाला चार गाड्या गेल्या काय नि चाळीस गेल्या काय, जवळजवळ तेवढाच असतो. तेलाचा खर्च गाड्यांच्या संख्येबरोबर वाढतो. एकेरी रुळांच्या, घाटातून जाणाऱ्या, मोजक्या गाड्यांच्या मार्गावर तारेचा खर्च निघत नाही असा हिशेब दीर्घकाळ मांडला गेला. त्या हिशेबात जिल्ह्याच्या रास्त अभिमानाला स्थान नव्हते, आणि असावयासही नको होते.

मग तार येईपर्यंत दुहेरी शक्तीचे इंजिन का वापरले नाही? मुंबईस जोडलेले इंजिन तसेच कोल्हापूरपर्यंत गेले असते, पुण्यातील पंधरा-वीस मिनिटे वाचली असती, दोन इंजिनांचे काम एकाने झाले असते. या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, निरुपयोगी अवस्थेतील डिझेल यंत्रणेचे ओझे बोरघाटातून वर ओढत नेणे परवडणार नाही. हे उत्तर पटण्यासारखे वाटते, पण हिशेबात टिकत नाही.

कर्जत ते लोणावळा या चढणीवर गाडी सुमारे ५५८ मीटर वर येते. डिझेल इंजिन, जनित्र, पाणी थंड करणारी यंत्रणा आणि टाकीतील तेल मिळून ३० टन धरू. ३० टन वजन ५५८ मीटर उचलण्यास लागणारी ऊर्जा ४६ युनिटांच्या आत येते. हजार टनांच्या गाडीला त्याच चढावर केवळ उंची गाठण्यासाठी दीड हजार युनिटे लागतात. त्या मानाने ही रक्कम क्षुल्लक होय. शिवाय इंजिनाचे वजन हे सर्वस्वी ओझे नसते. चाक रुळावर न घसरता जोर लावू शकते ते वजनामुळेच. कोरड्या रुळावर वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा ओढ इंजिनाला लावता येतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. बोरघाटाचा चढ ३७ ला १ असा आहे. हजार टनांची गाडी त्यावर नुसती धरून ठेवण्यास २७ टनांचा ओढ लागतो, आणि ११३ टनांच्या इंजिनाची पकड २८ टनांपलीकडे जात नाही. स्वतःचे वजन उचलणे, गती घेणे, वळणावरील घर्षण, पावसाळ्यातला ओला रूळ हे सर्व यानंतर. म्हणूनच त्या घाटात मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. जेथे पकडीसाठी वजन हवेच आहे तेथे ते वजन लोखंडाचे असले काय आणि बंद डिझेल इंजिनाचे असले काय, रुळाला त्याचे सोयरसुतक नाही.

अडचण ओझ्याची नसून वाटपाची आहे. आसावरील भाराच्या मर्यादेमुळे सहा आसांच्या इंजिनाचे एकूण वजन ११३ टनांच्या, फार तर १२३ टनांच्या आसपास थांबते. या ठरलेल्या वजनात काय काय बसवावयाचे हाच रचनाकारापुढील प्रश्न. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूएपी-४ या दोन इंजिनांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. पहिले डिझेलचे, दुसरे २५ हजार व्होल्टच्या तारेवरचे. दोघांचे वजन जवळजवळ सारखेच, सुमारे ११३ टन. पहिल्याची शक्ती २६०० अश्वशक्ती, दुसऱ्याची ५००० च्या वर. कारण उघड आहे : पहिल्याला आपला शक्तीचा कारखाना पाठीवर घेऊन हिंडावे लागते, दुसऱ्याचा कारखाना दूर कोठेतरी पायावर उभा आहे. या दोघांना एका सांगाड्यात घालावयाचे झाल्यास मोटरी, चाके, ब्रेक एवढे सामाईक राहील. परंतु डिझेल संच आणि रोहित्र हे दोन्ही अवजड भाग वेगवेगळे लागतील. दहा टनांच्या आसपास वजनाचे रोहित्र बसवावयाचे तर डिझेल संच लहान करावा लागेल. तो पूर्ण ठेवावयाचा तर रोहित्राला जागा उरणार नाही.

२०१० च्या सुमारास मुंबई–पुणे मार्गावरील १५०० व्होल्टची जुनी पद्धती जाऊन २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. त्यापूर्वी रोहित्राची गरज नव्हती, तेव्हा काम सोपे नव्हते काय? थोडेसे होते. पण तेथे निराळी अडचण होती. डिझेल-विद्युत इंजिनात मोटरींना मिळणारा दाब जनित्रावर नियंत्रण ठेवून कमीअधिक करता येतो. तारेवरील १५०० व्होल्ट मात्र आहेत तसेच येतात. त्या काळच्या पद्धतीने गाडी हळूहळू सुरू करावयाची तर मोटरींपुढे मोठे रोध घालून वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवावी लागे. हे रोध आणि त्यांचे स्पर्शक यांनाही वजन आहे, आणि विशेष म्हणजे त्यांना जागा लागते.

ज्यांनी दुहेरी शक्तीची इंजिने यशस्वी केली त्यांनी काय केले? त्यांनी द्वंद्व मोडले, असेच म्हणावे लागते. इंग्लंडच्या दक्षिण विभागात रुळांशेजारील तिसऱ्या रुळातून सुमारे ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळे. तेथे १९६२ साली आलेल्या वर्ग ७३ च्या इंजिनांत विजेवर १६०० अश्वशक्ती मिळे, आणि डिझेलवर अवघी ६००. बंदरातील अथवा मालधक्क्यावरील विनाविजेच्या रुळांवर संथ गतीने फिरणे एवढेच डिझेलचे काम. ही इंजिने दशकानुदशके टिकली. त्याच काळात अमेरिकेत न्यू हेवन रेल्वेने एफएल-९ नावाची इंजिने घेतली. तेथे प्रमाण उलटे होते. डिझेल पूर्ण शक्तीचे, आणि वीज केवळ न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाकडे जाणाऱ्या बोगद्यांपुरती, कारण तेथे धूर सोडण्यास मनाई. एवढ्यानेही वजन इतके वाढले की पुढच्या बाजूस दोन आस पुरले असता मागच्या बाजूस तीन द्यावे लागले. एकात वीज प्रधान आणि डिझेल गौण, दुसऱ्यात डिझेल प्रधान आणि वीज गौण. दोन्ही ठिकाणी गौण पदाला त्याच्या पायरीवर ठेवले म्हणून गाडा चालला. नाव द्वंद्वाचे असले तरी रचना तत्पुरुषाची होती, असे वैयाकरण म्हणेल.

कोल्हापूरच्या गाडीला ही युक्ती लागू पडत नव्हती, आणि येथेच सर्व प्रश्नाचे मर्म आहे. मुंबई ते पुणे हे अंतर १९२ किलोमीटर, पुणे ते कोल्हापूर ३२६. विजेचा टप्पा लहान, परंतु त्यात बोरघाट. तेथे विजेची शक्ती जितकी मिळेल तितकी हवी. डिझेलचा टप्पा दीर्घ, त्यात शिंदवणे आणि आदर्की हे घाट, आणि पुढे कराड, किर्लोस्करवाडी, सांगलीकडे वेगाने धावण्याची अपेक्षा; म्हणजे डिझेलही पूर्ण शक्तीचे हवे. दोन्ही पदे खऱ्या अर्थाने प्रधान. असे इंजिन त्या काळच्या साधनांनी केले असते तर ते बोरघाटात दुबळे विजेचे आणि आदर्कीत दुबळे डिझेलचे ठरले असते, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी दोन्ही विद्यांचे कारागीर एकाच शेडमध्ये ठेवावे लागले असते. पुण्यातील पंधरा-वीस मिनिटे हा त्यापेक्षा स्वस्त सौदा होता. रेल्वेच्या अनेक निर्णयांवर टीका करण्यास जागा आहे. या एका बाबतीत मात्र तिने दाखविलेला संयम योग्य होता असे म्हणणे भाग आहे.

याचा अर्थ भारतीय रेल्वेला विकल्पाची कल्पनाच मानवली नाही असा नव्हे. मुंबईभोवती एकदिश आणि प्रत्यावर्ती प्रवाहांची सीमा होती, आणि ती ओलांडण्यासाठी १९७० च्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूसीएएम-१ ही दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने बांधण्यात आली. प्रत्यावर्ती प्रवाहावर त्यांची शक्ती ३६४० अश्वशक्ती होती, एकदिश प्रवाहावर २९३०. तडजोड येथेही आहे, पण सौम्य आहे. कारण दोन्ही बाजूंना कारखाना इंजिनाबाहेरच आहे. ज्याचे ओझे पाठीवर घ्यावयाचे नाही त्याचा विकल्प ठेवणे सोपे जाते.

गेल्या तीन-चार दशकांत यंत्ररचनेत जो बदल झाला त्याने वरील युक्तिवादाची धार काहीशी बोथट केली आहे, हे नमूद केले पाहिजे. आधुनिक इंजिनात तारेवरची वीज असो की जनित्राची, ती प्रथम एका मधल्या एकदिश प्रवाहाच्या दुव्यात येते आणि तेथून इलेक्ट्रॉनिक साधनांनी पुन्हा रूप बदलून त्रिकला मोटरींना पुरविली जाते. त्या दुव्याच्या पुढचे सर्व सामाईक. वीज कोठून आली याची मोटरीला वार्ता नसते. रोध गेले, सामाईक भाग वाढला, वैकल्पिक भाग आकसला. उत्तर अमेरिकेतील एएलपी-४५डीपी या इंजिनात तर २१०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने आणि २५ हजार व्होल्टची यंत्रणा एकत्र बसविलेली आहे. दोन्ही पदे प्रधान ठेवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न. पण त्याचे वजन चारच आसांवर १३० टनांच्या घरात जाते. आपल्याकडील आसभाराच्या मर्यादेत ते बसत नाही.

दुसरा मार्ग इंग्लंडने २०१७ पासून वर्ग ८०० च्या गाड्यांत अनुसरला. तेथे स्वतंत्र इंजिनच नाही. डिझेल संच निरनिराळ्या डब्यांच्या तळाखाली वाटून टाकले आहेत. ओझे एका ठिकाणी साचत नाही. परंतु त्या गाड्यांची कथा वेगळाच धडा देते. ग्रेट वेस्टर्न मार्गाचे विद्युतीकरण ठरल्याप्रमाणे पुरे होईल असे धरून तेथे डिझेलला गौण स्थान दिले होते. विद्युतीकरणाचे काही भाग २०१६-१७ मध्ये पुढे ढकलले अथवा रद्द केले गेले, आणि गौण पदावर प्रधानाचा भार आला. प्रत्येक संच ५६० किलोवॉटऐवजी ७०० किलोवॉटवर चालवावा लागला. गाडीजवळ विकल्प आहे म्हटल्यावर तार ओढण्याची निकड कमी भासते, असा आक्षेप तेथे घेतला गेला. तो निराधार म्हणता येत नाही.

पुणे–कोल्हापूर मार्गावर विकल्प नव्हता, आणि अखेर तार आली. दुपदरीकरणाबरोबरच ती टप्प्याटप्प्याने येत गेली, आणि २०२३ च्या प्रारंभी मध्य रेल्वेचे सारे ब्रॉडगेज मार्ग विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. मधल्या संक्रमणकाळात तारेखालून डिझेल इंजिने धावत असत. ते दृश्य पाहणाऱ्याला उधळपट्टीचे वाटे; वस्तुतः तारेचे तुकडे अखंड झाल्याखेरीज विजेचे इंजिन जोडण्यात अर्थ नव्हता, कारण प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक नवे ‘पुणे’ निर्माण झाले असते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर–पुणे वंदे भारत गाडी सुरू झाली. तिला डिझेलचा विकल्पच नाही.

सीमा नाहीशी झाली असे यावरून समजू नये. ती आकाराने लहान झाली आणि स्थानकाच्या मागच्या बाजूस गेली. सांगली-मिरजेच्या मालधक्क्यासारख्या ठिकाणी जेथे वॅगनमध्ये वरून माल भरावयाचा अथवा यारीने उचलावयाचा असतो, तेथे डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार ठेवता येत नाही. मुख्य मार्गावरून आलेले विजेचे इंजिन अशा रुळाच्या तोंडाशी थांबते, आणि शेवटच्या काही शे मीटरांसाठी दुसरे इंजिन मागवावे लागते. वर्ग ७३ ची जुनी कल्पना येथे नव्याने उपयोगी पडते : वीज निर्विवाद प्रधान, आणि दुसरी शक्ती अगदी गौण. युरोपातील अनेक मालवाहू विजेच्या इंजिनांत आता यासाठी एक छोटा डिझेल संच दिलेला असतो. जबलपूर येथे २०२० साली ‘नवदूत’ या नावाने तयार केलेले यार्डातील इंजिन तार असेल तेथे तारेवर आणि नसेल तेथे बॅटरीवर चालते. त्यात डिझेल संच नाही. शेतकऱ्याच्या बोलीत सांगावयाचे तर तेथे इंजिन काढून नुसती मोटरच ठेवली आहे, आणि परिभाषाकारांना ‘डिझेल-विद्युत’ नंतर ‘विद्युत-विद्युत’ असा एक चमत्कारिक समास सोडविण्याची पाळी आली आहे.